पाच नंबरची काच

माझी निम्म्याहून अधिक नोकरी रबरी हातमोज्यांत गेली. डॉक्टर घालतात ते पातळ मोजे नव्हेत. एक मोठी काचेची पेटी, तिच्या तोंडाशी दोन भोकं आणि त्या भोकांना आतून लावलेले काळे, जाड, खांद्यापर्यंत येणारे मोजे. त्यांत हात घालायचे आणि बाहेर उभं राहून पेटीच्या आत काम करायचं. आत हवेचा लवलेश नाही, नुसता नायट्रोजन. नाक खाजलं तर दोन्ही हात उपसून काढायचे, नाक खाजवायचं, पुन्हा हात घालायचे. माझी आई एकदा प्रयोगशाळा बघायला आली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढं शिकवलं ते ह्या पेटीत हात घालायला होय?"

निवृत्त होऊन फार वर्षं झालेली नाहीत. संपादकांनी "सौरऊर्जेतले तुमचे अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा मी सांगून टाकलं की कुठल्या साली कुठल्या पदावर होते हे मी लिहिणार नाही, वाचणाऱ्याला जांभया येतात आणि लिहिणाऱ्यालाही. एकाच काचेची गोष्ट सांगते. माझा स्वभाव तापट आहे आणि ह्या काचेच्या बाबतीत तर मी अजूनही शांतपणे बोलू शकत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आधी धंदा समजून घ्या. छपरांवर दिसतात ती निळी-काळी पॅनलं सिलिकॉनची. ती करायला मोठाल्या भट्ट्या लागतात. आमचा प्रकार निराळा, त्याचं नाव पेरोव्स्काइट. नावाला घाबरू नका, सुरुवातीला मीही घाबरले होते. काही क्षार विरघळवून शाई करायची, ती काचेवर टाकून काच गरगर फिरवायची, नेमक्या क्षणी वरून दुसऱ्या एका द्रवाचे थेंब सोडायचे आणि काच तापल्या तव्यावर ठेवायची. पिवळट शाई डोळ्यांदेखत काळी कुळकुळीत होते, आरशासारखी चमकते. केसापेक्षा कितीतरी पातळ थर, पण ऊन पडलं की वीज देतो. तो रंग पालटताना बघायला मला शेवटच्या दिवसापर्यंत आवडायचं. थेंब सोडायला डोळा मिटेपर्यंतचा उशीर झाला तर थर पांढुरका होतो आणि काच कचऱ्यात जाते. अशा किती काचा मी कचऱ्यात घातल्या त्याची गणती नाही.

ह्या सगळ्यात गोम एकच. त्या शाईत शिसं असतं. शिसं अंगात गेलं की सहसा निघत नाही, लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम करतं. म्हणून आम्ही शिसं कमी करून त्याच्या जागी कथील घालायचं ठरवलं. कथील म्हणजे आपल्या पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ते. त्याची शिशाइतकी धास्ती नाही. पण कथलाला हवा सोसत नाही. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं ते बिघडतं. म्हणजे शिसं काढावं तर वीजही कमी मिळते आणि घटही, म्हणजे वीज देणारी ती काचही, टिकत नाही, आणि ठेवावं तर मन खातं. पहिल्या वर्षी आमचा घट सकाळचा संध्याकाळपर्यंत टिकला तर आम्ही पेढे आणायचो.

मग काय काय केलं म्हणून सांगू. सफरचंदाला लिंबू चोळतात, तसं शाईत क जीवनसत्त्व घालून बघितलं. कथलाची बारीक पूड टाकून बघितली, ती बिघडलेल्या कथलाला पुन्हा ताळ्यावर आणते. थराच्या पाठीवर बारीक भोकं राहतात, तिथून वीज गळते. ती बुजवायला वरून आणखी एक लेप दिला. एक गोष्ट सुधारली की दुसरी रुसायची. पण शिसं निम्म्यावर आलं आणि एका दुपारी मीटरवर जो आकडा आला तो पूर्ण शिशाच्या घटांच्या अगदी मागोमाग येऊन उभा राहिला. मी मोज्यांतून हात काढायचे विसरून वळायला गेले आणि खांदा लचकला. आमचे प्रमुख कामत सर तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे होते. मी त्यांना फोन केला, त्यांना तोंड उघडं ठेवून उत्तर देता येईना, तरी मी सगळे आकडे वाचून दाखवले.

कामत सर माझ्या अगदी उलट. आनंद झाला तरी चष्मा पुसणारा माणूस. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "पेटीत टिकतंय, मान्य. छपरावर?"

"छपरावरही टिकेल."

"मग टिकवून दाखवा. वर्षभर उघड्यावर. एक जरी टिकलं तरी काम पुढे न्यायचं. एकही टिकलं नाही तर कमी शिशाचा नाद सोडायचा आणि सगळे करतात तसं पूर्ण शिशाकडे परत जायचं. कबूल?"

कबूल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. माझी निवृत्ती जवळ आली होती. हे बंद पडलं असतं तर मी ज्यासाठी एवढी वर्षं पेटीत हात घालून उभी राहिले, ते फायलीत गेलं असतं. फाईल म्हणजे आमच्याकडे स्मशान.

छप्पर कुठलं, असं सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, जव्हार-मोखाडा. वडील जव्हारच्या एसटी डेपोत होते, माझं बालपण तिथलं. तिथला पावसाळा ज्यानं काढला नाही त्याला ओल म्हणजे काय ते कळायचं नाही. धुकं दारातून घरात येऊन बसतं. चपलांना बुरशी येते, मीठ वाहून जातं, काडेपेटी चुलीपाशी ठेवावी लागते. कथलाला छळायचंच आहे तर तिथे नीट छळून होईल, असा माझा हिशेब.

पाच पॅनलं केली, वहीच्या पानाएवढी. प्रत्येकाची शाई थोडी वेगळी. पाचव्यात मी आजवर शिकलेले सगळे उपाय घातले होते, आणि कडेचं रबर मी स्वतः दोनदा फिरवून गरम दाबानं बसवलं होतं. ओल शिरते ती कडेनंच. प्रत्येक पॅनलसोबत एक दिवा, एक छोटी बॅटरी आणि मोबाइल लावायची तार. वर्षभर दिवा वापरा, त्या बदल्यात पॅनल सांभाळा, असा सरळ व्यवहार.

एक जव्हारात शाळेतल्या मैत्रिणीच्या गच्चीवर दिलं. दुसरं शिरपामाळला चहाच्या टपरीवर. तो टपरीवाला मोठा हौशी. महिन्यानं गेले तर पॅनलचं तोंड रस्त्याकडे. मी म्हटलं, "अहो, दक्षिणेकडे तोंड करून बसवलं होतं ना?" तर म्हणतो, "मॅडम, पर्यटक येतात ते रस्त्यावरून. दक्षिणेकडून कोण येतंय?" त्यानं त्याच्याखाली पाटीही लावली होती, 'येथे नवीन शास्त्राचा दिवा आहे'. चहा मात्र त्याच्याकडे उत्तम मिळायचा, म्हणून मी जास्त बोलले नाही.

उरलेली तीन खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर. तिथली सभा मला आजन्म लक्षात राहील. मी उभी राहून सांगितलं की ह्यात शिसं आहे, पण आम्ही ते निम्मं केलंय, आणि काच फुटली तर हात लावायचा नाही, आम्हाला कळवायचं. कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता, लखमाबाबा. सगळे त्याला डोसाच म्हणायचे, तिकडे म्हाताऱ्याला डोसा म्हणतात. तो म्हणाला, "शिसं म्हंजे जाळ्याचा?"

मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून शिशाचे मणी लावतात, ते त्याला म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.

"तं आमी दातानं दाबतो ना," डोसा म्हणाला, आणि दाखवायला त्यानं उरलेले दात दाखवले. मणी दोरीवर बसवताना दातांत धरून चपटा करायचा, अशीच तिथली रीत. बाप करायचा, मुलगा करतो. मी एवढी संतापले की शिशावर अर्धा तास बोलले. पक्कड वापरा, तोंडात घालू नका, मुलांच्या हातात देऊ नका. लोकांनी ऐकून घेतलं. शेवटी डोशाची सून सोमी म्हणाली, "ताई, तुमी काचेचं सांगाया आल्या का जाळ्याचं?" सगळा पाडा हसला, मीही हसले. पाच नंबरची काच मी त्याच घराला दिली.

सोमी तिशीच्या आतबाहेरची. कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला दोन मिनिटं गप्प करायची. नवरा चंदर लाजरा. जमीन त्यांना नाही, मिळेल ते मजुरीचं काम. मी सोमीला बजावलं, "छपरावरून काढायची नाही. रोज ऊन लागलं पाहिजे. आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या. चुकवायचं नाही." तिनं मान हलवली.

मग पाऊस लागला आणि माझे हाल सुरू झाले. दर महिन्याला मीटर घेऊन जायचे आणि दर महिन्याला एक मयत. आषाढात मैत्रिणीच्या गच्चीवरचं कडेनं पिवळं पडलं. शिरपामाळचं त्या पाटीसकट वाऱ्यानं गेलं, ते दरीत सापडलं तेव्हा बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पाड्यावरच्या बाकीच्या दोन पॅनलांपैकी एकाचा आकडा हळूहळू ओघळत शून्यावर आला, दुसऱ्याची तार उंदरांनी खाल्ली आणि भोकातून ओल शिरली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण सोमीच्या घरावर मीटर लावलं की आकडा जिथल्या तिथे. श्रावणात तसाच. भाद्रपदात अगदी थोडा खाली, दसऱ्याला तिथेच. मी मीटर बदलून बघितलं, तारा बदलून बघितल्या. सोमी बाजूला उभी राहून म्हणाली, "ताई, किती वेळा बघशाल? तीच हाय ती."

दिवाळीला कामत सरांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. म्हणाले, "एकच उरलंय. ते सांभाळा."

मग महिना-दोन महिने मला जाणं जमलं नाही. पौषात गेले तर घराला काटेरी फांदी आडवी लावलेली आणि छपरावर पॅनल नाही. चार खिळ्यांची भोकं तेवढी होती. डोसा शेजारी आपल्या खोपटापुढे शेळीला पाला घालत होता.

"बाबा, सोमी कुठाय?"

"गेली जगाया."

हे मला सांगायची गरज नव्हती. भातं झोडून झाली, दिवाळी झाली की अर्धा मोखाडा वीटभट्ट्यांवर जातो. त्याला तिकडे जगायला जाणं म्हणतात. जव्हारात वाढलेल्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि ठाऊक होतंही. पण पॅनलं बसवताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, ना कामत सरांच्या.

"आणि काच?"

"ती बी गेली जगाया," डोसा शांतपणे म्हणाला.

म्हणजे वीटभट्टीवर. तिथली धूळ, तो धूर, ती धग. ट्रकमध्ये मडकी, कोंबड्या, पोरं आणि माणसांच्या खाली माझी काच. मी डोशावर ओरडले. तो बिचारा शेळीला पाला घालत राहिला. कुठली भट्टी, ते त्याला धड सांगता येईना. भिवंडीकडं म्हणाला, मग वाड्याकडं म्हणाला. कुडाच्या भिंतीवर कोळशानं चंदरचा मोबाइल नंबर लिहिला होता. तिथून लावायला रेंज नाही. मी उतार उतरून खोडाळ्याला आले, बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते बघा. ह्या लोकांचा मोबाइल आमच्याच काचेवर चार्ज व्हायचा. मोबाइल बंद म्हणजे काच गेली. सकाळचं धुकं अजून उठलेलं नव्हतं आणि मी मनातल्या मनात कामत सरांना द्यायचा अहवाल जुळवत होते. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. जीप भरेपर्यंत दोनदा लावला, बंद. जव्हारला उतरले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. डेपोसमोर उभी राहून, आता शेवटचा म्हणून लावला, आणि घंटा वाजली.

"हालो," सोमीचा आवाज.

"सोमी, फोन बंद का होता गं?"

"धुकं व्हतं ना. ऊन आलं का चालू व्हतो."

"कशावर चालू होतो?"

"तुमच्या काचेवर. आनखी कशावर?"

मी डेपोसमोर रस्त्यात मधोमध उभी होते. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मी त्याला हातानं थांबवून हसत होते. त्यानं मला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्या दिवशी मला त्याचाही राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या अलीकडे ती भट्टी शोधून काढली. विटांच्याच चार हात उंच खोप्या, वर पेंढा आणि प्लॅस्टिक. त्यातल्या एकीवर माझी काच, दोरीनं चार बाजूंनी बांधलेली. आणि तोंड? बरोब्बर दक्षिणेकडे. सोमी कमरेपर्यंत चिखलात होती, हात धुऊन आली. मी आधी तिच्यावर डाफरले.

"काढायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"तुमीच सांगितलं ना, रोज ऊन पायजे, आठवड्याला पुसाया पायजे. घर बंद केल्यावर कोन पुसल? डोशाला वर चढता येत नाय. आन माकडं येतात." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की चूक तिची की आमची, हा प्रश्नच उरला नाही. "हितं धूळ लई, तं मी रोज पुसतां. मांडीवर घेऊन आली ट्रकात."

मी विटांच्या थप्पीवर चढले, काच पुसली, मीटर लावलं. आकडा दिसला. दसऱ्यापेक्षा जेमतेम केसभर खाली. मोखाड्याचा अख्खा पावसाळा, ट्रकचे खड्डे आणि आता हा भट्टीचा धूर, आणि अर्ध्या शिशाची, कथलाची ती काच ऊन खात बसली होती. मी तिथेच, त्या थप्पीवर बसून डोळे पुसले. भट्टीवरच्या बायका काम थांबवून बघत होत्या. एकीनं सोमीला विचारलं, "काय झाला बाईंला?" सोमी म्हणाली, "कुनास ठाव. जिती हाय म्हनून रडतात."

कामत सरांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब परत आणा. मी म्हटलं, "सर, वर्षभर उघड्यावर म्हणालात, अमक्या छपरावर म्हणाला नाहीत. ती उघड्यावरच आहे. ह्याच्याहून कडक परीक्षा तुमच्या प्रयोगशाळेत आहे का?" तिकडे चष्मा पुसत असणार. मग म्हणाले, "बरं. राहू दे."

शिमग्याला सगळे पाड्यावर परत आले. तिकडे कुणी कुठेही असो, होळीला घरी. काचही मांडीवर बसून घरी आली आणि पहिल्या खिळ्यांवर पुन्हा चढली. वर्ष पुरं झाल्यावर मी ती उतरवायला गेले. सोमीला म्हटलं, "घेऊन जाते. नीट तपासायची आहे." बदली म्हणून बाजारातला तयार सौरदिवा बरोबर नेला होता, चांगला होता, आमच्यापेक्षा जास्त उजेडाचा. सोमीनं काच धडुत्यात गुंडाळून दिली.

प्रयोगशाळेत त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. दिव्याखाली ठेवली, आकडा घेतला. टिकलं म्हणायला जी रेषा आम्ही आधी ठरवली होती, तिच्या चांगला वर. काम पुढे जाणार हे त्या क्षणी ठरलं. कामत सरांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मग, मी सांगते ते खरं, ते हसले. मग आम्ही काच पेटीत घेतली आणि कापली. टिकली हे कळलं, पण का टिकली हे कळायला थर उकलून बघावाच लागतो. कथील कुठपर्यंत बिघडलंय, कडेनं ओल किती आली, शिसं जागेवर आहे का. मीच कापली, माझा हात सगळ्यांत स्थिर म्हणून. आत बघितलं आणि आम्ही एकमेकांना हाका मारायला लागलो. दुहेरी रबराच्या आत ओलीचा मागमूस नव्हता. कथलाची पूड आपलं काम करत होती. बिघाड होता तो एका कोपऱ्यात, नखाएवढा. पुढच्या पॅनलमध्ये काय करायचं ते लख्ख दिसत होतं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि नवऱ्याला हे माहीत आहे.

पावसाच्या तोंडाशी मी मुद्दाम पाड्यावर गेले. पिशवीत पेढे होते आणि सुधारलेल्या शाईचं नवं पॅनल, सहा नंबरचं. सोमी अंगणात पावसाळ्याची लाकडं ठेवायला माच लावत होती. मी तिला सगळं भडाभडा सांगितलं. तुमची काच पास झाली, आता हे काम बंद होणार नाही, आत कसं दिसलं, कथील कसं राहिलं. ती ऐकत होती. मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "ती कुठाय?"

"कापली. आत बघायला कापावीच लागते."

चंदरनं हातातली काठी खाली ठेवली.

"जिती व्हती ना?" सोमीनं विचारलं.

"हो. चांगली जिवंत होती."

"मंग कापली कशाला?"

"कशामुळे टिकली ते कळायला, सोमी."

"ते कळला?"

"कळलं."

"आन आनखी किती टिकली असती?"

माझ्या सगळ्या नोकरीचा प्रश्न तोच होता, किती टिकेल. त्याचं उत्तर सोमीच्या छपरावर चार खिळ्यांवर बसलेलं होतं आणि रोज थोडं थोडं पुढे जात होतं. आम्ही पेढे खाल्ले, टाळ्या वाजवल्या आणि ते माझ्याच हातानं कापून टाकलं. प्रयोगशाळेत कुणाच्याही मनात हा प्रश्न आला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं.

"ते आता नाही कळायचं," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

ती उठली. माझ्या पिशवीतून तिनं नवी काच काढली, कडा बोटानं चाचपल्या, उन्हाकडे धरून बघितली. मग ती चंदरकडे दिली आणि तो छपरावर चढला.

"ही नाय न्यायची," सोमी म्हणाली. "मेली का मी सांगन."

मी हो म्हटलं. कामत सरांनाही तसंच सांगितलं आणि त्यांनी वाद घातला नाही. नंतर मी निवृत्त झाले, सोमी दर दिवाळीनंतर भट्टीवर जाते, होळीला परत येते, काच तिच्याबरोबर. तिनं अजून काही सांगितलेलं नाही.